एक्केचाळीस नंबर पालथा

मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच हाकलून पुढे जाते. त्यामुळे असल्या गूढ अनुभवांच्या सदरात कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण लिहितेय.

मी मूळची महाळुंगे पडवळची, काम कॉम्प्युटरचं. गेल्या वर्षी जुन्नरजवळच्या एका लेण्यातलं, भिंतीवरून गळून पडलेलं प्राचीन चित्र जुळवायचं काम मिळालं. मातीच्या गिलाव्याचे रंगीत तुकडे, जुन्नरातल्या एका हॉलमध्ये वाळूच्या ट्रेमध्ये नंबर टाकून मांडलेले. मी ते स्कॅन करायचे, सॉफ्टवेअरने कडा आणि रंग बघून जोड्या लावायच्या आणि हमीदचाचांनी ते बोर्डावर कायमचे बसवायचे. चाचा पिढीजात गवंडी. हात हलका, तोंड तिखट.

एक्केचाळीस नंबरच्या तुकड्यावर एक डोळा होता. चित्राच्या मधोमध एक चेहरा, त्याला नेमका एकच डोळा कमी. सॉफ्टवेअर म्हणालं, इथलाच. मीही म्हटलं, इथलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडला, तर एक्केचाळीस पालथा. बाकी सगळे जागच्या जागी. किल्ली माझ्याकडेच. मी चाचांना विचारलं, तर आळ घेतल्यासारखे ते उखडले. तुकडा उताणा केला — पुढच्या सकाळी पुन्हा पालथा. तिसऱ्या सकाळीही तेच.

मग सीसीटीव्ही पाहिला. रेकॉर्डिंग सलग. एका फ्रेममध्ये डोळा दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये नाही. आसपास कोणीही नाही! अंगावर काटा आला, कबूल करते. तरी म्हटलं, कॅमेऱ्याचा घोळ असेल, आज बसवून टाकू. एकदा चिकटलेला तुकडा फोडल्याशिवाय निघत नाही, हे माहीत असूनही.

चाचांनी चिकटवायचा मसाला कालवला, तुकडा उचलला आणि त्याच्या पाठीवर बोट फिरवत थांबले.

"ताई, तुमच्या मशिनीनं ह्याची पाठ बघितली व्हती का?"

नव्हती. रंग पुढे, म्हणून मी पुढचीच बाजू स्कॅन केलेली. चाचांनी ट्रेमधले शेजारचे तुकडेही पालथे केले. पाठीवर लेण्याच्या खडकातल्या छिन्नीच्या घावांचे ठसे उठलेले. शेजाऱ्यांचे तिरपे, एक्केचाळीसचे सरळ उभे.

"गिलावा मागच्या दगडाचा ठसा धरतो. ह्यो हितला न्हाई. लई लांबचा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या पाठी स्कॅन केल्या. आठ दिवसांनी एक्केचाळीस बसला तो खालच्या कोपऱ्यात, हात जोडून बसलेल्या एका बाईच्या चेहऱ्यावर. केसाएवढी फट राहिली नाही. आणि त्या आठ दिवसांत तो एकदाही पालथा झाला नाही.

कॅमेरा दोन जाणकारांना दाखवला. दोघंही म्हणाले, काही बिघाड नाही. चाचांना विचारलं तर म्हणाले, "ज्यानं भित्त लिंपली, त्यालाच ठावं."

मला तर आजही काही ठाऊक नाही. मधला चेहरा अजून एका डोळ्याचाच आहे. बघायला येणारे विचारतात, दुसरा कधी बसवणार? मी सांगते, त्याचा सापडेल तेव्हा. आणि नवा तुकडा हातात आला, की आधी मीच तो पालथा घालते.