सावकाश चाललेलं लग्न

जाम गावाहून माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आलेल्या त्या काकांचं नाव मी विचारलंच नाही. वारलेल्या लेकीच्या लग्नाची सीडी त्यांना नातीसाठी पेनड्राइव्हवर हवी होती. मी ऐटीत ती उतरवायची कमांड टाइप केली, तर काम गोगलगायीसारखं चाललं. मी पंखा पुसला, कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. काका मात्र पडद्यावर लेक दिसली की खुर्ची पुढे ओढायचे.

शेवटी कळलं, व्हिडिओ उतरवताना तो पडद्यावरही दाखवत राहा, असं कमांडमध्ये मीच लिहून ठेवलं होतं. त्यानंच वेग खाल्ला होता. ते खोडताच काम धावलं. पडद्यावर नुसते आकडे उरले.

"काऊन बंद केलं, भाऊ? दिसून राह्यली होती ना."

"काका, आता झटक्यात होते!"

"मले कोन्ती घाई हाय? घरी तिची माय सीडी लावू देत नाई."

मी तीच चूक पुन्हा टाइप केली आणि माझी खुर्ची मागे घेतली.