तरुण प्रभागातल्या म्हाताऱ्या

त्या बैठकीला मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. आमच्या गावाला वेढून उभ्या राहिलेल्या टॉवरपैकी एकाच्या क्लबहाउसमध्ये पालिकेने नेमलेली माणसं येणार होती. प्रभागात कुठल्या सोयी हव्यात ते ठरवायला. गावातून आम्ही तिघं-चौघंच. वॉचमनने आम्हाला गेटवर थांबवून वहीत सह्या करायला लावल्या. ज्या जमिनीवर तो उभा होता तिथे माझ्या सासऱ्यांनी भात लावलेलं मी पाहिलं होतं. तरी सही केली.

एका पोरसवदा साहेबाने भिंतीवर रंगीत चित्र टाकलं. खाली रुंद, वर निमुळतं. खालचा पसारा म्हणजे लहान मुलं, मधला म्हणजे तिशी-पस्तिशीचे आईबाप आणि वरचं टोक म्हणजे म्हातारी माणसं. तो खुश होऊन म्हणाला, "तुमचा प्रभाग खूप तरुण आहे. इथे बाल-आरोग्य केंद्राची गरज आहे. लसीकरण, गरोदर महिलांची तपासणी."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"तुम्ही गावात आला होतात?"

"गाव यातच धरलंय, मॅडम."

"धरलंय म्हणजे बुडवलंय. आमच्याकडे घरटी एक म्हातारं आहे. मुलं खारघरला, कामोठ्याला फ्लॅट घेऊन गेली. गावात राहिलंय कोण?"

सोसायटीची अध्यक्ष पुढच्या रांगेत बसली होती. चाळिशीची, चांगल्या नोकरीतली बाई. तिने मान वळवली. "काकू, लहान बाळाला लस द्यायची तर आम्हाला पार पनवेल गाठावं लागतं. तुमच्या म्हाताऱ्यांना बघायला त्यांची मुलं आहेत ना? मग त्यांनी बघावं."

मी तिच्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठी असेन. काकू म्हणाली ते मला झोंबलं, आणि पुढचं जास्तच. कारण माझ्या सासूला बघणारी तिची मुलं नव्हती. मी होते. नवरा तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, दोन दीर शहरात, आणि सासू माझ्या गळ्यात. लग्न होऊन मी पनवेल शहरातून या गावात आले तेव्हा "शेरातली बाय, हिला काय येतं" हे तिचं पहिलं वाक्य. तिने मला कधी गोड शब्द दिला नाही, मीही तिला दिला नाही. पण तिचं करत होते.

केंद्र झालं. गावच्या जुन्या खळ्याच्या जागेवर. गुलाबी रंगाचं, भिंतीवर ससे आणि हत्ती, आत प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्च्या.

त्या पावसाळ्यात सासूच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. तिला साखरेचा आजार. पट्टी एक दिवसाआड बदलायची आणि त्यासाठी रिक्षाने पनवेलला जायचं. पळस्प्याच्या बाजूने ट्रक तुंबले की रिक्षावाला यायचाच नाही. एक दिवस मी तिला हाताला धरून त्या गुलाबी केंद्रात नेलं. नर्सने पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इथे फक्त माता आणि बालकं."

सासू म्हणाली, "पाच पोरां झाली मना. मी माता नाय तं कोन हाय?"

रांगेतल्या दोन-तीन बायका हसल्या. सासू हसली नाही.

"आजी, आम्हाला परवानगी नाही," नर्स म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पनवेलला न्या यांना."

"पट्टीच तर बदलायची आहे. तुमच्याकडे कापूस नाही?" मी विचारलं.

"बाळांना जंतुसंसर्ग झाला तर कोण बघणार?"

"चल घरा," सासू म्हणाली आणि माझा हात झटकून वळली. परतीच्या वाटेवर तिने मलाच शिव्या घातल्या. तिला तिथे नेऊन तिचं हसं केलं म्हणून.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, पनवेलच्या दोन खेपा चुकल्या. घरी मी पट्टी केली, जमेल तशी. अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी तो काढला. शेजारचं बोटही गेलं. शुद्धीवर आल्यावर तिने पायाकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ही रडेल. ती म्हणाली, "त्या गुलाबी घरात मना परत ने."

"कशाला? हाकलतील."

"हाकलू दे ना. बघतू."

जखम भरल्यावर, लसीकरणाच्या दिवशी, सकाळी मी तिला व्हीलचेअरवर बसवलं. गल्लीच्या तोंडाशी येते तर आणखी पाच-सहा म्हाताऱ्या उभ्या. काठ्या टेकत, काही नऊवारी, काही गाऊनवर ओढणी घेतलेल्या. सासूने त्यांना कधी निरोप धाडले ते मला आजतागायत कळलेलं नाही. आम्ही आत गेलो आणि त्या सगळ्या बुटक्या खुर्च्यांवर बसल्या. गुडघे छातीशी आलेले. एकीला तर परत उठता येईल की नाही याचीच शंका.

नर्स घाबरली. "तपासणी होणार नाही आज. उठा."

"आमी उठनार नाय," सासू म्हणाली.

तासाभरात दार भरून गेलं. कडेवर बाळं घेतलेल्या बाया उभ्या, बाळं रडतायत, कुणी फोनवर शूटिंग करतंय. एक तरुण आई रडवेली होऊन म्हणाली, "माझं सिझर झालंय, मला उभं राहवत नाही." मला तिची दया आली नाही असं नाही. पण माझ्यासमोर एक पाय होता, ज्याला दोन बोटं कमी होती.

मग सोसायटीची अध्यक्ष आली. सरळ माझ्यापाशी.

"तुम्ही शिकलेल्या आहात ना? लाज नाही वाटत? बाळांच्या जिवाशी खेळता?"

"या पायाशी तुम्ही खेळलात तेव्हा?"

"मी? माझा काय संबंध?"

"टाळ्या कोणी वाजवल्या होत्या?"

"हे बघा, गावाला जमिनीचे पैसे मिळालेत. खासगी डॉक्टर करा."

त्यावर म्हाताऱ्या अशा काही उसळल्या की नर्सने आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शिव्या आगरी होत्या, पण टॉवरमधल्या बायकांना त्या समजल्या, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. अध्यक्षबाईने नगरसेवकाला फोन लावला. तो आला. गावचाच, आता टॉवरमध्ये राहणारा. त्याची स्वतःची चुलती त्या खुर्च्यांपैकी एकीवर बसली होती.

"काकी, तू पण?"

"तू मना शेवटचा कवा भेटला?" तिने विचारलं.

त्याने वर कुठेतरी फोन केले, बाहेर जाऊन बोलला, आत आला. म्हाताऱ्यांसाठी आठवड्यातून एक दुपार. रक्तदाब, साखर आणि पट्ट्या. बाळांची वेळ संपल्यावर. म्हाताऱ्या एकमेकींना हात देत उठल्या. अध्यक्षबाई जाताना मला म्हणाली, "जिंकलात." मी म्हणाले, "दोन बोटं देऊन." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. भाजीवाल्यापाशी समोरासमोर आलो तरी ती मेथी बघते, मी कोथिंबीर.

ती दुपार चालू झाली. काही आठवड्यांनी एक अनोळखी म्हातारी दारात येऊन उभी राहिली. पांढरीशुभ्र साडी, हातात औषधांची पिशवी. टॉवरमधली. नातवंडं सांभाळायला मुलाने नाशिककडून आणलेली. अशा पुष्कळ होत्या, हे मला तेव्हा कळलं. दिवसभर वरच्या मजल्यांवर पोरांना भरवत बसलेल्या. त्या साहेबाच्या चित्रात याही नव्हत्या, कारण त्यांची नावं गावाकडच्या यादीत. पुढे मी पालिकेत जाऊन त्याला विचारलंसुद्धा. "त्या तात्पुरत्या असतात, मॅडम," तो म्हणाला. कधीपर्यंत तात्पुरत्या, असं विचारलं तर त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

ती नाशिकची बाई पहिल्यांदा आली त्या दिवशी आमच्या म्हाताऱ्यांनी तिला बघितलं आणि कुणी सरकलं नाही.

"टावरची हाय," एक जण मोठ्याने म्हणाली.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, माझी सासू तरी काही बोलेल. ती बोलली. "यांना लस हवी व्हती ना? घे म्हणावं आता लस." सगळ्या हसल्या. नर्सनेच शेवटी आतून स्टूल आणून दिलं. नंबर आला तेव्हा त्या बाईचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की नर्सने घरच्यांना बोलवा म्हटलं. तिला फोन लावता येत नव्हता. मी लावून दिला. पलीकडून सुनेचा आवाज आला, "मी मीटिंगमध्ये आहे, त्यांना तिथेच बसवून ठेवा."

ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. सासू व्हीलचेअरवरून तिच्याकडे बघत होती. निघताना मला म्हणाली, "चल लवकर. त्या बाईचा चेरा बघवत नाय मना." आणि खड्ड्यात चाक गेलं तेव्हा नेहमीसारखी माझ्यावर ओरडली.