आत्याचा हात

दर्यापूरच्या आमच्या आत्याला कुणी तोंडावर गोड बोललेलं खपायचं नाही. ‘आज अंग बरं दिसते,’ असं म्हणणाऱ्या बाईचा हात धरून ती आपल्या कोपरावरच्या पांढऱ्या खपल्यांवर ठेवायची. ‘पाह्य वं, बरं हाय का?’ बाई हात धुवायला पळाली की मागून ओरडायची, ‘साबन त घेऊन जा!’

तिला सोरायसिस होता. अमरावतीला माझ्या घरीही तिचं ताट वेगळं असे. तिला ते कळायचं, म्हणून ती मुद्दाम माझ्या ताटातली पोळी मोडून घ्यायची. उरलेली पोळी बायको गाईला घालायची. खरं सांगतो, आत्या येणार म्हटलं की मला धडकी भरायची. आणि मला वाढवलं होतं तिनंच, आई गेल्यावर.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एकदा तिनं विचारलं, ‘हे मले कावून झालं रे?’ मी सांगितलं, अंगातल्या राखणदार पेशी उगाच धोक्याचे इशारे देत राहतात, त्यामुळे कातडी घाईघाईनं वाढते, थरावर थर चढतात.

‘म्हंजे वावरात डुक्कर नाही, अन् जागल्या बोंबलून राहिला?’

‘हो.’

‘तुह्या घरासारखंच हाय मंग.’ मग तिनं विचारलं, ‘कोनाले लागत त नाही ना?’

‘नाही.’

‘मंग तुह्या बायकोले सांग.’

सांगतो म्हणालो. दरवर्षी फळ्यावर बाण काढून पोरांना ते इशारे शिकवले. घरात एकदाही बोललो नाही. भांडण नको होतं.

माझ्या मुलीच्या हळदीला आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली, सवाष्णींत उभी राहिली. मुलाकडच्या बायका तिच्या कोपरांकडे पाहून कुजबुजल्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, ‘आत्या, तू बस वं सावलीत. ऊन लागन.’ आम्ही मांडवात उभे होतो.

तिनं हळदीच्या वाटीत बुडवलेली बोटं काठावर पुसली. ‘ह्या बाया अडानी हायेत रे,’ सगळ्यांदेखत म्हणाली, ‘तू त शिकेल हायेस ना?’ आणि दर्यापूरची जीप धरली.

पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी तो इशारा वाटेतच अडवणारी इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांत तिचे हात-पाय साफ झाले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलवायला बायकोनं स्वतः फोन केला. आत्यानं तो मला द्यायला लावला.

‘आता कावून बोलावून राहिला?’

‘तू बरी झालीस म्हणून,’ माझ्या तोंडून गेलं.

‘कातडी बरी झाली, बापा. तिचंच पान वाढजो. मी नाही येत.’

ती आली नाही. पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत राहिलीही नाही. तेराव्याला बोलण्यात कुणीतरी म्हणालं, तिचं दुखणं लागणारं नव्हतं, तेव्हा बायकोनं मला बाजूला घेतलं. ‘हे लागत नाही, तुम्हाला माहीत होतं?’

‘होतं.’

‘मग माझ्या हातून हे सगळं का होऊ दिलं?’

त्याचंच उत्तर इथं लिहितो आहे. हे लिहून झालं की आधी तिलाच वाचायला देणार आहे.