दुपारची लाइट आणि माझा रंधा

हे कोणाच्या हाती लागलंच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गोंदियाजवळच्या खेड्यात. लग्न होऊन रायपूरला आले, तर इथे दुकानांच्या पाट्या, रेशनकार्ड, मुलींची पुस्तकं, सगळं हिंदीत. मराठी तोंडात राहिली, हातातून गेली. मुलींच्या जुन्या वह्यांची कोरी पानं उरतात, त्यांवर लिहिते. चार माणसांत बोलायची मला लाज वाटते. लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं.

लिहायचं आहे ते लाकूडकामाबद्दल. मी सुतार नाही, सुताराच्या घरची नाही. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. गुढ़ियारीत दोन खोल्या, मागे टिनाचं छप्पर घातलेली पडवी. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुली. मी पंडरीच्या एका साडीच्या दुकानातून फॉल-पिकोचं काम घरी आणत असे. गाठोडं बांधून न्यायचं, फॉल लावायचा, पिको करायचा, परत नेऊन द्यायचं.

एका पावसाळ्यात न्हाणीघराचं दार फुगलं आणि लागेनासं झालं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक म्हातारा छत्तीसगढी मिस्त्री राहत होता, सगळे त्याला कका म्हणत. ह्यांनी त्याच्याकडून रंधा मागून आणला, दोन हात मारले आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून तसाच टाकून निघून गेले. दार उघडंच होतं. घरात वाढत्या मुली, म्हणून मीच रंधा उचलला. आधी तो नुसता अडखळला. मग कसा कोण जाणे, एकदा नीट बसला आणि लाकडाची लांब साल गोल गोल होऊन वर आली. हातात घेतली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. दार लागायला लागलं, तरी मी थोडा वेळ रंधा मारतच राहिले. संध्याकाळी पाहिलं तर दाराखाली बोटभर फट राहिलेली. ती अजून आहे.

रंधा परत द्यायला गेले तेव्हा ककानं माझ्याकडे पाहिलं. "बने लागिस का?" आवडलं का, असं तो विचारत होता. मी मान खाली घालून हो म्हटलं. तो म्हणाला, "त राख ले दू दिन." त्या दोन दिवसांचे बरेच दिवस झाले. धार कशी लावायची, करवत ओढताना जोर कुठे द्यायचा, रेषा डोळ्यांनी नाही तर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून कशी बघायची, हे त्यानं ओट्यावर बसून सांगितलं. मी पदर खोचून उभी राहायची. माझ्याशी बोलताना तोही माझ्याकडे बघत नसे, लाकडाकडे बघे. त्यामुळे मला सोपं गेलं.

वेळ कुठून मिळायचा, तर लाइट जायची तेव्हा. हाताची शिलाई मी सकाळच्या उजेडात उरकत असे आणि दुपार मशीनसाठी ठेवलेली असे. पिकोचं मशीन मोटारीवर चालायचं. जेवणं झाली, भांडी झाली, मशीनवर बसले की बहुतेक दिवशी लाइट जायचीच. सगळा पारा वीजवाल्यांना शिव्या द्यायचा. सासूबाई पदरानं वारा घेत दारात बसायच्या. मी मात्र मागच्या पडवीत जायची. कोणी म्हणू शकत नव्हतं की कामं टाकून बसली. लाइटच नाही, तर करणार काय? खोक्यांच्या फळ्या होत्या, त्यांचा चमच्यांसाठी खण केला, मग सासूबाईंना बसायला पिढा, मग पोळपाट. पोळपाटाला तीन पाय लावले आणि तिन्ही वेगळ्या उंचीचे झाले. सासूबाई पोळी लाटताना म्हणाल्या, "ह्यावर पोळी आपोआपच फिरते वं, लाटाचं कामच नाही."

मग रायपूर राजधानी झालं. शहर बघता बघता रुंद झालं. तेलीबांधाकडे घरं उठायला लागली, ऑफिसं आली, रस्ते खोदले गेले. आणि दुपारची लाइट जाणं हळूहळू बंद झालं. लोक खूश होते. मी मशीनवर बसायची, वर पंख्याकडे बघायची, पंखा आपला फिरतोय. नव्या वस्तीमुळे दुकानाचं कामही वाढलं, गाठोडी मोठी झाली.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, कोणी मेलं का माहेरी? तोंड काहून पाडलं?"

"काही नाही, आई."

"लाइट गेली नाही म्हणून रडून राहिली, माहीत आहे मले."

मी हसले, पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. दिवसातला एक तास, जो कोणाचाच नव्हता, तो गेला होता. मागून घ्यावा असा तो तास नव्हता. मागायचा कोणाला आणि काय म्हणून? घरात बाईनं रंधा मारल्यानं कोणाचं पोट भरत नाही.

पहाटे नळ यायच्या आधी करून पाहिलं. ह्यांची दुपारपाळी असली की ते मध्यरात्री येऊन झोपायचे. दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी उठून पडवीत आले. "हे घर होय का आरा मशीन?" रागावले नव्हते, पण झोपेनं डोळे लाल होते. मी रंधा पोत्यात गुंडाळला.

त्याच साली ककाची नजर गेली. तो गावाकडे मुलाजवळ राहायला निघाला आणि हत्यारं विकायची म्हणाला. मोठा रंधा, छोटा रंधा, तीन पटाश्या, करवती, गुण्या, धारेचा दगड. मी म्हटलं, छोटा रंधा आणि एक पटाशी मला द्या. तो म्हणाला, "लेबे त पूरा ले, एक-एक ठन नइ बेचँव." एकेक नग त्याला विकायचा नव्हता. भंगारवाला सगळं एकदम न्यायला तयार होता, हेही त्यानं सांगितलं.

मी घरी येऊन ह्यांना विचारलं. ते जेवत होते. "घे," म्हणाले, "पण मले मागू नको. पोट्टीची फी भरायची आहे."

मग मी पंडरीला गेले. दुकानाच्या मुनीमजींसमोर उभं राहून बोलायला मला फार वेळ लागला. दोन गिऱ्हाइकं आली-गेली, तरी मी खांबाजवळच. शेवटी त्यांनीच विचारलं, "क्या हुआ दीदी, धागा चाहिए?" मी ॲडव्हान्स मागितला. कशासाठी ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "मिल जाएगा, पर हर गठरी में से आधा कटेगा." मी हो म्हणून आले.

हत्यारं घरी आली. मी ती सरसोंच्या तेलानं पुसली, पडवीत खिळ्यांना टांगली, आणि दुसऱ्या दिवसापासून मला त्यांना हात लावायला वेळ मिळेना. हिशोब मी उलटा केला होता. हातात निम्मे पैसे येऊ लागले, घरखर्च तेवढाच, म्हणून मी दुप्पट साड्या आणू लागले. ज्या तासासाठी पैसे उचलले, तोच तास पैसे फेडण्यात जाऊ लागला. मोठी मुलगी एकदा म्हणाली, "मम्मी, ये सब दीवार पे सजाने को लिया क्या?" तिनं साधंच विचारलं होतं. मी पुढची साडी मशीनखाली घेतली.

तेव्हा शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. आपल्याकडे वधूवरांना बसायला पाट लागतात, रुंद, खाली दोन पट्ट्यांचे. इथल्या बाजारात तसे मिळत नव्हते, मिळायचे ते एकट्यापुरते पिढे. "तू करतेस ना लाकडाचं? दोन पाट करून दे, पैसे देईन," त्या म्हणाल्या. मला वाटलं, वाट सापडली. लाकूडकामही होईल आणि फेडही होईल. मी मुनीमजींकडून थोडे पैसे अजून उचलले आणि लाकडाच्या टालावरून सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, फळ्या आणल्या. फळ्या स्वस्त मिळाल्या. काहून स्वस्त, ते मी विचारलं नाही. त्या ओल्या होत्या.

सरई फार कठीण लाकूड. रंधा घसरतो, घाम निघतो. वैशाखात पडवीत उभं राहवत नाही, टिन तापतं, लूची झळ आत येते. म्हणून मी फळ्या आतल्या खोलीत आणल्या आणि कुलरसमोर बसून काम केलं. एकीकडे मशीन, एकीकडे पाट. घरभर भुसा. साड्यांवर उडू नये म्हणून गाठोडं पलंगाखाली ढकललेलं. पाट तयार झाल्यावर त्यांना सावकाश वाळू द्यावं, म्हणून मी ते कुलरच्या तोंडाशीच उभे करून ठेवले. गार जागा तीच होती. लेकराला ठेवावं तशी काळजी घेतली मी त्यांची. कुलरची ओली हवा रोज एकाच बाजूला लागत होती आणि पाठीकडून घरची गरम, त्यानं फळी वाकते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी पाटांवर लाल कापड घातलेलं होतं. नवरदेव बसला आणि पाट टक् वाजला. तो इकडे कलला, टक्. तिकडे कलला, टक्. मी बायकांच्या मागे उभी होते. वराकडची एक मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "का बाप्पा, हा पाट होय का पाळणा? लग्न लागाच्या आधीच हलवून राहिले!" मांडव हसला, नवरदेवही हसला. गुरुजींनी मंत्र न थांबवता विड्याची पानं घडी करून पाटाच्या कोपऱ्याखाली सरकवली. नवरीचा पाट जरा कमी हलत होता. तिनं अंग आवरून धरलं होतं. मला ते मागून दिसत होतं.

काकू पैसे द्यायला आल्या, तर मी घेतले नाहीत. त्यांनी आग्रह केला, मी आत निघून गेले. वरून उचललेले पैसेही आता माझ्याच डोक्यावर. त्या रविवारी मी हत्यारं भिंतीवरून काढली आणि पोत्यात बांधली. भंगारवाल्याला विचारायचं ठरवलं होतं.

सासूबाई पिढ्यावर बसून बघत होत्या. "काय करून राहिली?"

"विकते, आई. पैसे फिटतील तरी."

"अन् मंग?"

"मंग काही नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "तो फॉल आण इकडं. हातशिलाई मले येते. सुई फक्त ओवून दे, सुईचं भोक नाही दिसत."

मी म्हटलं, तुमची कंबर दुखते. त्या म्हणाल्या, "कंबर बसूनही दुखते अन् निजूनही दुखते. दुपारी चहा होऊस्तोवर मी शिवीन. तू जाय मागं, ठोक काय ठोकाचं ते. पण त्या मावशीले दाखवाले पाट नीट करून आण."

तेव्हापासून सकाळी मी त्यांच्यासाठी सुया ओवून गादीला टोचून ठेवू लागले, साडीच्या रंगाचा दोरा घालून. त्यांची शिलाई लांब लांब पडायची. काही मी उसवून पुन्हा घालत असे, त्यांना न दाखवता. तरी दुपारचा तेवढा वेळ सुटला. काकूंकडून पाट मागून आणले. ते आता वाळून आपसूकच पुष्कळसे सरळ झाले होते. मी खालच्या पट्ट्या काढल्या, रंध्यानं थोडं थोडं घेतलं, पट्ट्या पुन्हा बसवल्या आणि फरशीवर ठेवून चारी कोपरे दाबले. आवाज आला नाही. काकूंना नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "लग्न तर झालं, आता जेवाले बसू यावर."

फेडायला दोन दिवाळ्या गेल्या. मी विकण्यासाठी पुन्हा काही केलं नाही. साड्याच शिवल्या. लगीनसराईत गाठोडी इतकी येत की सासूबाईही दुपारी मला पडवीत जा म्हणत नसत. मग हत्यारं तशीच टांगलेली राहत. काम ओसरलं की पुन्हा थोडा वेळ मिळे. ह्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी गाठोडं सायकलवर पंडरीला नेऊन देऊ लागले, म्हणजे माझा येण्याजाण्याचा वेळ वाचायचा. मला वाटलं सहजच नेत असतील. एकदा पडवीत टिनाखाली बांबूची चटई बांधलेली दिसली. ऊन कमी झालं होतं.

शेवटचं गाठोडं द्यायला मी स्वतः गेले. मुनीमजींनी साड्या मोजल्या, पिको पाहिला आणि ह्या वेळी काहीच न कापता पैसे माझ्या हातावर ठेवले. "दीदी, आपका पूरा हो गया. अब कुछ बाकी नहीं." मी पैसे रुमालात बांधले. त्यांनी मागून नवं गाठोडं काढलं, नेहमीएवढंच मोठं, आणि माझ्यापुढे सरकवलं.

मी गाठ सोडली. निम्म्या साड्या काढून त्यांच्या गादीवर ठेवल्या. बोलताना आवाज बारीकच निघाला, पण त्यांना ऐकू गेला असावा.

"अब इतनाच ले जाऊँगी."

त्यांनी मान हलवली आणि उरलेल्या साड्या बाजूला घेतल्या.