साठवरची टिकली

आमच्या कंपनीच्या बसवरच्या ड्रायव्हरना सगळे मामाच म्हणायचे. अकरा वर्षं त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. कोल्हापूर ते कागल एमआयडीसी सरळ हायवे, पण काटा साठच्या पुढं जायचा नाही. मीटरच्या काचेवर साठच्या आकड्याशी त्यांनी बायकोची लाल टिकली चिकटवली होती. जुनी निघाली की नवी लावायचे.

शेजारून गाड्या सुसाट जायच्या आणि मी ओरडायचो, "मामा, दाबा की जरा. शिफ्ट गाठायची हाय."

मामा आरशात बघून म्हणायचे, "टिकलीच्या पुढं न्हाय."

एकदा फारच उशीर झाला आणि मी चिडून म्हणालो, यापेक्षा बैलगाडी बरी. मामांनी बस कडेला घेतली आणि किल्ली काढून माझ्यापुढं धरली. "या, चालवा. मागं चाळीस माणसं हाईत, तेवढं ध्यानात ठेवा." मी किल्लीला हात न लावता सीटवर मागं सरकलो.

गेल्या वर्षी मी रिटायर झालो. परवा माझी लेक त्याच कंपनीत लागली. तिची मैत्रीण कारनं वीस मिनिटांत पोचवणार होती, तरी मी हट्टानं तिला बसस्टॉपवर नेलं. लेक चढली आणि माझ्याच जुन्या सीटवर बसली.

मामांनी तिच्याकडं बघितलं, मग खाली उभ्या असलेल्या माझ्याकडं.

"काय साहेब, आज दाबू का जरा?"

मी हात जोडले. "नको मामा. टिकलीच्या आतच ऱ्हाऊ दे."