ब्लांचिंग, तीन मिनिटे

पाचवा टिन उघडला आणि साळवी साहेबांनी हातातला चमचा टेबलावर आपटला.

"मॅडम, ही भाजी आहे की खळ?"

टिनमध्ये कुयरीचे, म्हणजे कोवळ्या फणसाचे, तुकडे होते. असायला हवे होते, म्हणा. प्रत्यक्षात त्यांचे धागे सुटून मिठाच्या पाण्यात तरंगत होते. पाणी गढूळ झालं होतं. मी चिमटीत एक तुकडा धरला तर त्याचा लगदा झाला.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. हातखंब्याजवळच्या एका कॅनिंग फॅक्टरीत मी केमिस्ट होते. फॅक्टरी हापूसच्या पल्पची. एप्रिल ते जून तिथे श्वास घ्यायला फुरसत नसे आणि उरलेलं वर्ष कुलूप. म्हणून मालकांनी फेब्रुवारीत कुयरी डबाबंद करायचं ठरवलं. मुंबईच्या एका खरेदीदाराचा माणूस पुढच्या मंगळवारी सॅम्पल बघायला येणार होता. सगळी प्रोसेस मी बसवली होती. मी सांगलीची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, आणि त्या वयात मला माझ्या शिक्षणाचा फार अभिमान होता. अजूनही आहे, पण आता जरा बेताने.

"ब्लांचिंगला कोण होतं?" साहेबांनी विचारलं. साळवी साहेब आमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण निकाल आधी लावायचा आणि चौकशी मागाहून करायचा.

"यशोदाबाई."

"उकळत्या पाण्यात तीनच मिनिटं सांगितली होती ना? ही चांगली अर्धा तास उकडलेली दिसतेय. बोलवा त्यांना."

यशोदाबाई पालीच्या बाजूच्या. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत. ब्लांचिंगच्या शेडमधल्या आठ बायकांच्या त्या मुकादम. मुंबईची गिरणी बंद पडून नवरा घरी आलेला, त्यामुळे घर त्यांच्याच पगारावर चाललेलं. त्या आल्या, टिनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी घड्याळात बघून तीनच मिनटं ठेवली, सायेब."

"घड्याळ कळतं तुम्हाला?"

"कळतं."

"मग खोटं बोलताय."

यशोदाबाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी मला सांगितलं, शनिवारपर्यंत यांना राहू द्या, सोमवारपासून दुसरं माणूस बघा. तो गुरुवार होता.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्या क्षणी मलाही वाटलं होतं की बाई बोलत उभ्या राहिल्या असतील आणि वेळ गेला असेल. माझी प्रोसेस शीट भिंतीवर लावलेली होती, मराठीत, ठळक अक्षरांत. 'ब्लांचिंग – ३ मिनिटे. नंतर टिन भरणे.' यात चुकायला जागाच कुठे होती?

तरी शुक्रवारी सकाळी मी स्वतः शेडमध्ये जाऊन उभी राहिले. तोवर मी तिथे पाच मिनिटांच्या वर कधी थांबले नव्हते. लॅबमधून उंटावरून शेळ्या हाकायची सवय.

पाणी उकळलं. बायकांनी तुकडे आत सोडले. यशोदाबाई भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या राहिल्या आणि तीन मिनिटं त्यांनी मान वळवली नाही. शेजारणीने काही विचारलं तर हातानेच गप्प केलं. तीन मिनिटं झाली आणि "काडा!" म्हणून ओरडल्या. माझ्या हातातल्या घड्याळातही बरोबर तीनच मिनिटं झाली होती.

मग त्यांनी तुकडे बांबूच्या रोवळ्यांत काढले, पाणी निथळू दिलं, वर केळीची पानं घातली आणि पानांवर ओली गोणपाटं दाबून बसवली.

"हे काय करताय?"

"वाफ जिरू दे ना, बाय. घरी कुयरी उकडली की आमी अशीच झाकून ठेवतो. म्हंजे ती मऊ व्हते, ठेचायला बरी."

"आणि किती वेळ ठेवता?"

"तुमचे डबे येईस्तोवर."

डबे धुऊन यायला पाऊण तास लागत होता. पाऊण तास ती कुयरी स्वतःच्या वाफेत निवांत शिजत होती. नंतर टिन सील होऊन रिटॉर्टमध्ये जायचे. रिटॉर्ट म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा मोठा प्रेशर कुकर. तिथे ती पुन्हा शिजायची. मग लगदा नाही होणार तर काय!

चूक कोणाची, ते मला तिथेच कळलं.

ब्लांच हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. मुळात त्याचा अर्थ पांढरं करणं. बदाम उकळत्या पाण्यात टाकून सोलले की आतून पांढरे निघतात, ते ब्लांच करणं. भीतीने माणूस पांढरा पडला तरी इंग्रजीत हेच क्रियापद. तिकडचे माळी सेलरी नावाच्या भाजीच्या दांड्यांवर माती चढवतात, ऊन न लागल्याने दांडे पांढरे राहतात, त्यालाही ब्लांचिंगच म्हणतात. आम्हा कॅनिंगवाल्यांनी तोच शब्द उचलला. भाजी उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवायची, तिचा रंग बिघडवणारी एन्झाइम्स मारायची आणि ताबडतोब थंड पाण्यात टाकून शिजणं थांबवायचं. हे थंड पाणी आमच्या लेखी त्या शब्दातच आलं. कॉलेजात कोणी ते वेगळं सांगत नाही. मीही शीटवर लिहिलं नाही.

हे सगळं मी बायकांना तिथेच उभ्याने सांगितलं, फ्रेंच बदामांसकट. त्या ऐकत होत्या, पण चेहरे कोरे.

"बदाम आमच्यात कोन सोलतंय, बाय?" यशोदाबाई म्हणाल्या. "ओले काजूगर गरम पान्यात टाकतो नि साल काडतो, तसं म्हना की. पांढरेफेक निगतात. लगेच गार पान्यात नाय टाकले तर बोटं भाजतात नि गर पन मऊ पडतात."

"अगदी तेच."

"मंग हे आदीच सांगायचं व्हतं. हे काय आमाला नवीन हाय?"

मी साहेबांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं.

"तुम्ही कशाला अंगावर घेता?" ते म्हणाले. "बाईमाणूस म्हणून बाईची बाजू घेणार, दुसरं काय."

मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही स्वतः घड्याळ घेऊन उभे राहा. एकच फणस, एकच पातेलं, तीनच मिनिटं. अर्धे तुकडे झाकून ठेवू, अर्धे विहिरीच्या पाण्यात. उद्या दोन्ही टिन तुम्हीच उघडा."

ते आले. मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून उभे राहिले. त्यांच्या "झालं!" वर यशोदाबाईंनी तुकडे काढले, अर्धे पानांखाली गेले आणि अर्धे गार पाण्यात. दोन्हींचे टिन खुणा करून रिटॉर्टमध्ये गेले.

शनिवारी सकाळी शेडमध्येच टिन उघडले. झाकलेल्या तुकड्यांचा तोच लगदा. दुसऱ्या टिनमध्ये पांढरट, धारदार कडांचे तुकडे, पाणी स्वच्छ. साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, दुसरा टाकला. शेवटी म्हणाले, "यशोदाबाई, सोमवारी या कामाला."

यशोदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"या म्हंजे? परवा बायसमोर मला खोटी म्हनालात, ते मी इसरले नाय. मी खरं बोलले का खोटं, ते आदी सगळ्यांसमोर सांगा."

आठही बायकांनी हातातलं काम थांबवलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम टिनकडे बघत राहिले.

"खरं बोललात," साहेब म्हणाले.

"मंग येते."

खरेदीदाराचा माणूस मंगळवारी आला. त्याने चार टिन फोडले, तुकडे बोटांनी दाबून पाहिले आणि ऑर्डर दिली. साहेबांनी त्याला सांगितलं, आमची प्रोसेस एकदम परफेक्ट आहे.

भिंतीवरची शीट मी बदलली. दोन ओळींच्या नऊ ओळी झाल्या. पुढे नोकरीत कितीतरी प्रोसेस बसवल्या, पण पहिला लॉट निघेपर्यंत कामगारांच्या शेजारी उभी राहिल्याशिवाय एकही शीट भिंतीवर लावली नाही. पाय दुखतात, पण विनाकारण कोणाला खोटं ठरवलं जात नाही.