तळहातावरचं दही

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता. माणसं गाव सोडतात ती लढाईच्या भीतीने की दुष्काळाच्या? मी राज्यशास्त्र शिकवते आणि असले प्रश्न वर्गात बसून सुटत नाहीत. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पावसाने दुसऱ्यांदा दगा दिला होता. म्हणून पारनेरची वाट धरली.

सुप्याहून आत वळल्यावर नुसता फुफाटा. रस्त्याकडेला बाया-बाप्ये खडी फोडत होते. पुढे गाडीने मान टाकली. नवी चप्पल घालून यायची अक्कल माझीच. तिचा अंगठा तुटला आणि मी अनवाणी, चरफडत गावात शिरले.

पहिल्याच घरी भागूबाईंनी मला ओसरीवर बसवलं, पुढ्यात माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) ठेवलं. त्यांचा एकुलता एक नामदेव लष्करात होता, सरहद्दीवर लढून आलेला, सध्या रजेवर.

"ताई, तुमीच सांगा ह्याला," भागूबाई म्हणाल्या. "रजा संपली. उद्या निघायचं, तर म्हनतो जात न्हाई."

"पानी कोन आनंल?" नामदेव मान वर न करता म्हणाला. "हीर आटली. दोन कोस चालायचं. हिचा गुडगा गेलाय."

"पण पुन्हा लढाई झाली तर?" मी भागूबाईंना विचारलं.

"तितं रोज जेवान हाय. गोळी लागंल, न लागंल. हितला उपास ठरल्याला हाय."

सरहद्दीवरून माणसं पळतात, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. इथे आई लेकाला तिकडेच ढकलत होती. मला तिचं पटलं, आणि पटलं याचाच संताप आला.

त्या दिवशी दुपारी भागूबाई लोटी घेऊन लंगडत कुठेशा गेल्या होत्या. रात्री मी तिथेच मुक्काम केला. कुठे, ते सकाळी कळलं. त्यांची गाय छावणीत (दुष्काळात गुरं सांभाळायची जागा) होती. तिथून घोटभर दूध आणून त्यांनी विरजण लावलं होतं. निघताना नामदेवच्या तळहातावर त्यांनी दह्याची कवडी ठेवली.

"खा."

"खाल्लं की गेलोच म्हन."

त्याने मूठ मिटली. "मंग तसाच जा," भागूबाई म्हणाल्या आणि घागर उचलून पाण्याच्या वाटेला लागल्या. आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला. तिकीट डाव्या हाताने काढलं. उजवी मूठ मिटलेलीच. बोटांच्या फटींतून पांढरं पाणी गळून विजारीवर डाग पडला होता. मी विचारायला आणलेले सगळे प्रश्न तसेच राहिले.

सुपं मागे पडलं तेव्हा त्याने मूठ उघडली आणि लहान पोरासारखा तळहात चाटूनपुसून साफ केला.

"ताई, हिकडं परत येनार का?"

"येईन की."

"मग आईला सांगा. खाल्लं म्हनावं."

पुण्याच्या स्टँडवर उतरून तो रेल्वे स्टेशनकडे गेला. मी घरी जायच्या आधी पारनेरच्या गाडीची वेळ विचारून घेतली.